ऑक्सिनवरचे शनिवार

महाप्याच्या प्रयोगशाळेतला एसी त्या दिवशी बंद पडला नसता, तर संघमित्राचं सगळं कसं सुरळीत चाललं असतं. पण तो पडला... आणि दुरुस्तीला आलेला मितेश शिडीवरून उतरता उतरता काचेच्या बाटल्यांपाशी थबकला.

"मॅडम, ह्यात भात हाय?"

"भातच. मातीशिवाय वाढवतो आम्ही."

"मंग मेलेलं बियानं पन उठवाल?"

त्याचे ओठ हसत होते, डोळे नव्हते. दुसऱ्या दिवशी तो घणसोली गावातून एक डबी घेऊन आला. आत भाताचे नऊ दाणे. त्याचे आजोबा शिवराम हा भात खाडीकाठच्या खाऱ्या शेतात पिकवायचे. शेतावर आता टॉवर उभा होता आणि दाणे पाण्यात घालूनही रुजत नव्हते.

"आज्याला एकदा डोल्यानं बगायचाय," तो म्हणाला.

संघमित्राने दाणे सोलले, निर्जंतुक केले, ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक घातलेल्या जेलीवर ठेवले. आठ काळे पडले. नवव्यावर पिवळसर गोळा फुगून आला, त्याला कॅलस म्हणतात. मूळ नाही, पान नाही, नुसत्या पेशी.

"ह्याचं रोप कसं व्हनार?" मितेशने विचारलं. एसी तपासायला म्हणून तो आता दर शनिवारी यायचा.

"ऑक्सिन त्याला सांगतं, नुसता वाढत राहा. ते काढून सायटोकायनिन हे दुसरं संप्रेरक दिलं, की कोंब फुटतो. चिमटीच्या हजाराव्या भागाएवढं पुरतं."

"एवड्याशानं?" तो तिच्याकडेच बघत राहिला. "खरं हाय. एवड्याशानं मानूस पन बदलतो."

खोली पंचवीस अंशांवर होती, तरी तिचे कान तापले.

चार आठवड्यांनी गोळा कोंबाच्या जेलीवर हलवायचा असतो. तिने तो पुन्हा ऑक्सिनवरच ठेवला. मग पुन्हा... आणि पुन्हा. रोप झालं की मितेश ते घेऊन जाणार, मग त्याला इथे काय काम? पाचव्या महिन्यात गोळा तपकिरी पडू लागला. फार दिवस ऑक्सिनवर राहिलेल्या कॅलसला कोंब फुटेनासा होतो, हे ती स्वतःच नव्या मुलींना शिकवायची!

त्या शनिवारी तिने सांगून टाकलं. "चूक माझी आहे. मी मुद्दाम थांबवलं. रोप झालं की तुम्ही यायचे नाही, म्हणून —"

मितेशने त्या तपकिरी गोळ्याकडे पाहिलं. "आजा रोज विचारतो," एवढंच म्हणाला आणि निघून गेला.

तिने गोळ्याचा त्यातल्या त्यात बरा तुकडा कापून सायटोकायनिनवर ठेवला. तीन शनिवार गेले. तो आला नाही. सोमवारी सकाळी तिने बाटली उजेडात धरली आणि श्वास घ्यायचीच विसरली. तपकिरी तुकड्यावर मोहरीएवढा हिरवा ठिपका! ना माती, ना पाऊस, ना बाप-आज्याचं शेत... तरी कुठून आठवलं याला रोप व्हायचं? तिचे डोळे भरून आले. तिने फोन लावला.

अर्ध्या तासात तो धापा टाकत हजर. बाटलीला जवळजवळ नाक लावून तो कितीतरी वेळ नुसता उभा होता.

"महिन्याभरात न्या," ती हळूच म्हणाली. "मग एसी तपासायला यायची गरज नाही."

"एसी?" तो वळला. "पैल्या दिवसानंतर मी शिडी आनलीच नाय, संघमित्रा. तुमाला दिसलं नाय?"

तिला खरंच दिसलं नव्हतं.