उजव्या हाताची सत्तावीस हाडं

तुम्ही कधी माणसाची हाडं धुतली आहेत का? नाही ना? मग आधी एवढं ऐकून घ्या. एका माणसाची हाडं धुवून, वाळवून, त्यांवर नंबर घातल्याशिवाय दुसऱ्याची पिशवी उघडायची नाही. विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागात पहिल्याच दिवशी हे बजावून सांगतात.

धाकटीलाही बजावलं होतं. तिचा मुख्य विषय संख्याशास्त्र. पुरातत्त्व तिनं जोडविषय म्हणून घेतलं, तेही मावसबहीण तिथेच शिकते म्हणून. ही थोरली तिच्याहून दोन वर्षांनी मोठी. एकमेकींच्या झिंज्या उपटत आणि एकमेकींची पांघरुणं ओढत दोघी वाढलेल्या.

त्या दुपारी विभागाच्या तळघरात धाकटी एकटीच काम करत होती. उत्खननात एका खड्ड्यात दोन पुरुषांचे सांगाडे सापडले होते, एकावर एक. वरच्याची उजवी बोटं खालच्याच्या गळ्यात रुतलेली, आणि खालच्यानं वरच्याच्या बरगड्यांत सुरा घातलेला. दोघं तसेच मेले आणि कुणीतरी त्यांना तसंच मातीआड केलं. विभागाच्या मॅडमना दुसऱ्या दिवशी दोघं टेबलावर नीट मांडून हवे होते. बाकीचं काम झालं होतं, उरले होते फक्त हात.

धाकटीला घरी जायची घाई. तिनं दोघांच्या हातांच्या पिशव्या एकाच टबात रिकाम्या केल्या. कागदी चिठ्ठ्यांचा पाण्यात लगदा झाला. तरी ती घाबरली नाही. एका हाताची हाडं सत्तावीस, चार हातांची एकशे आठ. तिनं मोजली, बरोबर भरली, आणि अंदाजानं दोघांना वाटून टाकली.

चार वाजता थोरली डोकावली आणि टेबलापाशीच थबकली.

"हे काय केलंस गं?"

"एकशे आठ आहेत. हवं तर मोज."

"मोजता मलाही येतं. हा हात मनगटाशी बसतोय का, ते बघ."

बसत नव्हता. खालचा माणूस बारीक चणीचा होता आणि त्याच्या उजव्या मनगटापुढे हे रुंद, दांडगं हाड. थोरलीचा आवाज खाली आला. "ज्या हातानं याचा गळा दाबला… तोच तू याला लावलायस."

धाकटी म्हणाली, इतक्या वर्षांनी तो काही तक्रार घेऊन यायचा नाही. थोरलीलाही हसू आलं. मग मात्र तिनं दटावलं, की चूक तुझी, तेव्हा एकेक हाड तूच उचल आणि या ताटलीत ठेव. ती स्वतः दुसऱ्या हाताची हाडं बघायला टेबलावर वाकली.

नळ ठिबकत होता. ओल्या मातीच्या वासात आता आणखी एक वास मिसळला होता, गंजक्या लोखंडासारखा. ताटलीत हाडं वाजत होती, टक्… टक्… सव्वीस झाली. सत्ताविसावं अंगठ्याचं टोक. धाकटीनं ते मुठीत घेतलं आणि तिची मूठ उघडेना.

उघडली ती थोरलीच्या गळ्यावर.

थोरलीचं तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. ओठ फाटला, एक दात तुटून टबात पडला आणि पाणी लाल होत गेलं. धाकटी डाव्या हातानं आपलाच उजवा हात ओढत होती, त्याला नखांनी ओरबाडत होती. "ताई, मी नाही गं… मी नाही…" बोटं आणखी आवळली. थोरलीचे डोळे पांढरे झाले, टाचा फरशीवर घासू लागल्या, मग त्याही थांबत आल्या.

शेल्फवर उत्खननातली लोखंडी हातोडी होती. धाकटीनं ती डाव्या हातात घेतली आणि स्वतःच्या मनगटावर घातली. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्या घावाला हाड मोडल्याचा आवाज आला, तरी पकड सुटेना. चौथ्याला सुटली. थोरली खाली कोसळली आणि घरघरत श्वास घेऊ लागली. धाकटीचा तळहात उघडाच होता. त्यात हाड नव्हतं.

आरडाओरडा ऐकून शिपाई धावत आला. त्यानंच दोघींना इस्पितळात पोचवलं. तिथे धाकटीनं खरं तेच सांगितलं आणि कुणी ते लिहून घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी तिच्या हाताचा एक्स-रे तीनदा काढला. पहिल्या वेळी त्यांना वाटलं, दुसऱ्याच कुणाची फिल्म आली. तिन्हींत मनगट हातोडीच्या घावांनी मोडलेलं दिसत होतं आणि तिन्हींत पुढचा पंजा चाळिशीतल्या दांडग्या पुरुषाचा होता. अंगठा पूर्वी कधीतरी मोडून वाकडा जुळलेला. लहानपणी मुलीचा अंगठा मोडला होता का, असं त्यांनी तिच्या आईला विचारलं. आई नाही म्हणाली. त्यांनी हाताला कोपरापर्यंत प्लॅस्टर घातलं. थोरलीला अजून बोलता येत नव्हतं. तिनं कागदावर लिहून दिलं, की माझी खाट दुसऱ्या वॉर्डात न्या आणि हिच्या या वॉर्डाच्या दाराला बाहेरून कडी घाला. नऊ वाजता तिची खाट हलवली.