पॅडलखालची चार बोटं

ही गोष्ट खरी आहे.

भगवंतरावांच्या घरात ती कोणी मोठ्याने सांगत नाही, एवढंच.

आणि ती रात्री घडलेली नाही. १९९४ सालच्या डिसेंबरात, सिकंदराबादला, राणीगंजच्या मागच्या गल्लीत, भर उन्हात घडली. शेजारच्या दुकानात नव्याने आलेल्या केबलवर गाणी वाजत होती.

आधी तिथे काय काय होतं ते नीट मोजलेलं बरं.

क्रेनने ओढून आणलेल्या त्या ट्रकच्या केबिनमध्ये वाकलेलं स्टिअरिंग एक. जेवणाचा डबा एक, तीन पुडांचा, न उघडलेला. विड्यांचं बंडल एक. देवाचा फोटो एक. चप्पल एक, डाव्या पायाची. उजवी सापडली नाही.

रेसचं पॅडल एक. ते पायाखालच्या फळीला टेकलेलं.

फळीखाली, जिथे पॅडलला वर खेचणारी स्प्रिंग असायला हवी, तिथे स्प्रिंग नव्हती. आकड्याला रबराची एक गाठ लटकत होती. करंगळीच्या पेराएवढी.

आणि पॅडलच्या पोटाला, म्हणजे खालच्या बाजूला, काळ्या ग्रीसमध्ये...

चार बोटांचे ठसे.

हे सगळं पाहणारा माणूस एकच. भगवंतराव. बिदरकडून लहानपणी आलेले, चिक्कडपल्लीत वाढलेले, डिझेल गाड्यांचे मिस्त्री. गल्लीत सगळे त्यांना उस्ताद म्हणत. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते सांगत, कोणता सिलिंडर आजारी आहे. सहसा चुकत नसत.

दुपारी विम्याचा माणूस गाडी बघायला येणार होता.

भगवंतरावांनी खिशातून ब्लेड काढलं. गाठ कापली. रॉकेलचा बोळा घेतला आणि पॅडलचं पोट पुसलं.

एकदा.

मग पुन्हा एकदा.

विम्याच्या माणसाने विचारलं, "गाडीत काही दोष?"

"गाडी ठीक होती," भगवंतराव म्हणाले. "मीच तपासून सोडली होती."

त्या माणसाने मान डोलावली. ड्रायव्हर स्टिअरिंगच्या खाली, पॅडलकडे तोंड करून वाकलेला सापडला होता. झोप लागली आणि खाली कोसळला, असं सगळ्यांनी मानलं. ब्रेकच्या खुणा अर्धवट. चिंचेच्या झाडावर सरळ गेलेली गाडी. झोपच ती.

ड्रायव्हरचं नाव अप्पाराव.

आता ही गाठ कुठून आली ते सांगायला हवं.

अपघाताच्या आदल्या दिवशी अप्पाराव गाडी घेऊन आला होता. रेसची स्प्रिंग तुटली होती. ही स्प्रिंग नसली की पाय काढला तरी पॅडल खालीच राहतं, आणि इंजिन धावतच सुटतं. गाडीत सिमेंट भरलेलं. मालक मुकुंदराव नारायणगुड्याहून स्कूटर मारत आले आणि डोक्यावर उभे राहिले.

"भगवंता, लवकर कर बाबा. जमाना बदललाय. पूर्वी माल गाडीची वाट बघायचा, आता गाडी मालाची वाट बघते. माझ्या मागे चार नवे गाडीवाले उभे आहेत."

"स्प्रिंग आणायला पाठवतो, तास लागेल."

"तासाभरात पुढचा माल दुसऱ्याच्या गाडीत चढेल!"

भगवंतरावांनी जुन्या ट्यूबची पट्टी कापली. स्प्रिंगच्या जागी ताणून बांधली. हा उपाय गल्लीतला प्रत्येक मिस्त्री करतो. पॅडल टणकन वर आलं.

अप्पाराव बघत होता. तेलुगू माणूस, पण उस्तादांशी दखनीत बोलायचा.

"उस्ताद, ये रबड रुकता क्या?"

"तेरेसे ज्यादा रुकता," भगवंतराव म्हणाले. "वापस आया तो स्प्रिंग डालताऊं. जा."

अप्पाराव हसला. गेला.

रबराला डिझेल सोसत नाही. डिझेल पिऊन ते फुगतं, मऊ पडतं, आणि ताण बसला की तुटतं. त्या गाडीत वरच्या पाइपच्या जोडातून थेंब थेंब डिझेल गळत होतं. ते नेमकं पट्टीवर पडत होतं.

भगवंतरावांनी ते पाहिलं होतं.

पुढचं त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. मेडचलच्या पुढचा उतार. पट्टी तुटली. अप्पारावने पाय काढला, पॅडल वर आलं नाही. गाडीच्या स्टॉपची तार दिवाळीपासून तुटलेली, त्यामुळे इंजिन बंद करायचा मार्ग नाही. क्लच दाबावा तर भरलेली गाडी उतारावर मोकळी सुटणार. त्याने चप्पल काढली असेल. अंगठा पॅडलखाली घालून उचलायला बघितलं असेल. जमलं नसेल.

मग तो खाली वाकला.

हाताने पॅडल वर ओढायला.

तो झोपला नव्हता. मरताना त्याच्याइतका जागा माणूस त्या रस्त्यावर दुसरा नसेल.

तेराव्यानंतर अप्पारावची बायको भामा गॅरेजात आली. बाकावर बसली नाही. दारातच उभी राहिली.

"अन्ना, तुम सच बोलो. वो सोया था क्या?"

भगवंतराव हात पुसत राहिले.

"अड्डेवाले भोंगा नै बजारे," ती म्हणाली.

अप्पारावच्या ट्रक-अड्ड्यावरच्या ड्रायव्हरांचा एक रिवाज होता. वाटेत मेलेल्या सोबत्याच्या जागेवरून जाताना एकदा लांब भोंगा वाजवायचा. पण स्टिअरिंगवर झोपणाऱ्याला हा मान नाही. झोपणारा स्वतः मरतो आणि चार जणांना घेऊन मरतो, म्हणून.

"अठरा साल चलाया गाडी," भामा म्हणाली. "एक कुत्ता नै मरा उसके हाथसे. सब बोलते पीके सोया. मैं बस में बैठके गई वो झाड के पास. दिनभर बैठी. सब की गाड्यां गईं अन्ना... एक ने बी नै बजाया."

भगवंतरावांच्या तोंडात शब्द आला होता.

"मेरेकू नै मालूम, भामा," ते म्हणाले.

ती गेली.

गाडी महिनाभरात उभी राहिली. केबिन ठोकून सरळ झाली, नवी काच आली, स्टॉपची तार आली. भगवंतरावांनी स्वतः दुकानात जाऊन रेसची स्प्रिंग आणली. कंपनीची, पाकिटातली. पाइपचा जोड बदलला. मग ते केबिनमध्ये चढले. चालू करण्याआधी पॅडल दाबून बघावं म्हणून पाय ठेवला.

दाबलं. सोडलं.

पॅडल वर आलं.

जरा जास्तच पटकन आलं.

पुन्हा दाबलं. या वेळी पाय उचलण्याआधीच... तळव्याला खालून रेटा बसला.

नवी स्प्रिंग आहे, कडक असणार. त्यांनी स्वतःला समजावलं. तिसऱ्यांदा पाय ठेवला आणि तसाच दाबून धरला.

खालून आवाज आला.

खर्र...

पत्र्यावर नख ओढल्यासारखा.

खर्र... खर्र...

भगवंतरावांनी पाय काढला. आवाज थांबला. शेजारचं गाणं पहिल्यासारखं ऐकू यायला लागलं. इतका वेळ ते ऐकू येत नव्हतं, हे त्यांना तेव्हा कळलं.

ते उतरले. गाडीखाली आडवे झाले. उंदीर, वायर, सुटलेला पत्रा, सगळं पाहिलं. काही नाही. मग बॅटरीचा झोत पॅडलच्या पोटावर टाकला.

चार बोटं.

ताज्या ग्रीसमध्ये. रॉकेलने पुसलेल्या, नंतर रंग दिलेल्या पॅडलवर.

भगवंतराव घाबरले, पण मिस्त्री होते. बिघाड शोधायचा तर एकेक भाग वेगळा करायचा, ही त्यांची आयुष्यभराची रीत. त्यांनी नवी स्प्रिंग काढली. पॅडलची दांडी इंजिनापासून सोडवली. आता पॅडलला वर आणणारं काहीच नव्हतं. ते स्वतःच्या वजनाने फळीवर पडायला हवं होतं.

पॅडल वर होतं.

त्यांनी हाताने दाबलं. सोडलं.

ते वर आलं.

हळू... कष्टाने... थोडं थरथरत.

तेवढ्यात बाहेरून हाक आली. "उस्ताद! कबाडा है क्या कुछ?"

भंगारवाले चाचा. खांद्यावर पोतं, हातात वजनाचा, आकड्याचा लटकता काटा.

"चाचा, कांटा देव जरा."

"कायकू? गाडीच तोलते क्या?"

"देव बोला ना."

"लेओ. लेकिन मेरा कांटा कम दिखाता, हौ! ज्यादा कब्बी नै दिखाता. धंदे की बात है."

भगवंतरावांनी आधी काटाच तपासला. पाच लिटर पाण्याचा डबा टांगला. काट्याने साडेचार दाखवले. चाचा खरं बोलत होते.

मग ते गाडीखाली गेले. फळीतून खाली आलेल्या दांडीला काटा अडकवला आणि खाली ओढायला लागले. जुनी स्प्रिंग शाबूत असताना पॅडल तीन किलोला हलायचं. इथे स्प्रिंग नव्हती.

एक. तीन. पाच.

पॅडल हलेना.

सात...

पॅडल हललं तेव्हा काटा नऊ किलोवर होता.

"क्या हुआ उस्ताद?" चाचा वाकून बघत म्हणाले. "मूं पे पसीना कायकू? थंडी के दिन है."

काटा भगवंतरावांनी ठेवून घेतला. मुकुंदरावांना सांगितलं, पंपात काम आहे, गाडी आठवडाभर सोडत नाही. मुकुंदराव फोनवर तडकले. भगवंतरावांनी फोन खाली ठेवला.

रात्री त्यांना जेवण गेलं नाही. काय करायचं ते त्यांना माहीत होतं. त्या हाताला काय हवं, हेही माहीत होतं. नऊ किलो जोर लावून तो अजून पॅडल उचलत होता. गाडी झाडावर जाऊन महिना झाला, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

सकाळी ते अड्ड्यावर गेले. पाच-सहा ड्रायव्हर चहा पीत होते. भामालाही निरोप धाडला होता. मुकुंदराव चिडून आलेच होते.

"अप्पाराव सोया नै था," भगवंतराव म्हणाले.

चहाचे कप थांबले.

"मैं गाडी खोलके देखा. रेस की स्प्रिंग टूटी थी. पॅडल अटक गया. वो नीचे झुका था, हाथ से पॅडल उठाने कू. वैसाच मरा."

मुकुंदराव जमिनीकडे बघत होते. ट्यूबची पट्टी बांधताना ते तिथेच उभे होते. त्यांनी एकदा भगवंतरावांकडे पाहिलं. भगवंतरावांनी त्यांच्याकडे पाहिलं.

एक म्हातारा ड्रायव्हर म्हणाला, "फिर स्प्रिंग तो कब्बी बी टूट सकती. किसकी गलती?"

"किसकी नै," भगवंतराव म्हणाले. "स्प्रिंग की."

भामा पुढे आली. ते मागे सरकेपर्यंत तिने वाकून त्यांच्या पायांना हात लावला होता.

"अन्ना," ती रडत म्हणाली, "तुम नै रहते तो मेरा आदमी सोता हुआच रह जाता."

तिच्या हाताची बोटं त्यांच्या पावलावर होती. चार बोटं. भगवंतरावांनी पाय ओढून घेतला, जरा जोरातच. तिला वाटलं, उस्तादांना असला मान आवडत नाही.

त्याच दिवशी मेडचलच्या उतारावर पहिला भोंगा वाजला. मग दुसरा. दोन दिवसांनी भामा गॅरेजात आली ती नारळाची वाटी घेऊन. झाडाखाली फोडलेला नारळ. सतरा गाड्या गेल्या, सगळ्यांनी वाजवला, म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता.

"खाओ अन्ना. पहला टुकडा तुमारा."

भगवंतरावांनी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला. ती जाईपर्यंत तो चघळत राहिले. गिळता आला नाही.

ती कोपऱ्यावर वळली. त्यांनी तुकडा हातात थुंकला, हात धुतले आणि गाडीकडे पाहिलं.

आता सुटला असेल, त्यांना वाटलं. त्याच्या नावावरचा डाग धुतला गेला. भोंगे वाजले. बायको हसली. आणखी काय हवं? रबराच्या पट्टीचं नाव मात्र त्यांनी कोणाजवळ काढलं नव्हतं.

केबिनमधून आवाज येत नव्हता. ठसेही, त्यांनी पुन्हा पुसल्यावर, परत उमटले नव्हते.

भगवंतराव पाठीवर झोपून गाडीखाली सरकले. स्प्रिंग अजून काढलेलीच होती, दांडीही सुटीच. त्यांनी काटा अडकवला आणि हळूहळू ओढायला लागले.

पॅडल हललं तेव्हा काटा बारा किलोवर होता.