टिपणीसांचं शेवटचं प्रकरण

लाइट यायला अजून अर्धा तास तरी लागेल, तेवढ्यात सांगून होईल. मध्ये मोबाइल लावायचा नाही, आणि रिद्धी, तू दाराजवळून उठून इकडे बस. ही ऐकीव गोष्ट नाही. आनंदनगरच्या कंपनीत माझ्याबरोबर अठरा वर्षं ड्युटी केलेल्या हेमंतची आहे, आणि त्या रात्री त्याचा फोन मलाच आला होता.

हेमंतला एक खूळ होतं. जुन्या विलायती खुनाच्या कादंबऱ्या जमवायच्या, त्याही पहिल्या आवृत्तीच्या. सुट्टीच्या दिवशी हा उल्हासनगरच्या रद्दीवाल्यांकडे गठ्ठे उपसत बसायचा. पुस्तक हातात आलं की आधी नावाच्या पानाची पाठ बघायचा. तिथे एकच साल असलं तर पहिली आवृत्ती. खाली आणखी सालं छापलेली दिसली की ठेवलं परत. बायको म्हणायची, माझ्या तोंडाकडे कधी इतकं निरखून बघितलं नाहीत. तिचंही काही चुकत नव्हतं.

या खुळापायीच त्याची मांजर्लीच्या टिपणीस काकांशी ओळख झाली. काका मुंबईत एका छापखान्यात प्रुफं तपासायचे. आता एकटेच तळमजल्यावर राहायचे. पावसाळ्यात नदीचं पाणी घरात शिरायचं म्हणून पुस्तकं सगळी माळ्यावर. त्यातल्या एका पुस्तकानं हेमंतची झोप उडवली. त्या काळी विलायतेत एक टूम निघाली होती. कादंबरीचं शेवटचं प्रकरण कागदी पट्टीनं बंद करून विकायचे. पट्टी न फोडता पुस्तक आणून दिलंत तर पैसे परत. पण राहवतंय कुणाला? जो तो फोडून मोकळा. काकांनी तरुणपणी फोर्टच्या फुटपाथवर घेतलेल्या प्रतीची पट्टी मात्र शाबूत होती. खुनी कोण ते माझं मीच ओळखणार, या हट्टापायी त्यांनी ती पन्नास वर्षं फोडली नव्हती.

मग काकांची नजर गेली. पूर्ण गेली. तेव्हा ते हेमंतला म्हणाले, "माझ्या मागे हे पुस्तक तुझंच आहे. पण आता पट्टी फोड आणि मला वाचून दाखव. कळू दे एकदाचं."

पट्टी फुटली की पुस्तकाची सगळी किंमत गेली, एवढंच हेमंतच्या डोक्यात. तो म्हणाला, आज घसा बसलाय काका, पुढच्या खेपेला वाचू. असे चार रविवार गेले. पाचव्या रविवारी काका नव्हते. हेमंत माणूस चांगला, पण हे त्यानं वाईट केलं, आणि मी ते त्याला तोंडावर सांगितलंय.

पुढे ती बिल्डिंग पाडायला निघाली. काकांच्या भाचीनं, यशोधरानं, हेमंतला चावी दिली आणि सांगितलं, सकाळी तोडणारी माणसं येणार आहेत, काय न्यायचं ते आजच न्या. ती रात्र गुरुवार, चौदा डिसेंबर दोन हजार तेवीस. सेकंड शिफ्ट अकराला सुटली. पावणेबाराला हा मांजर्लीत.

बिल्डिंग रिकामी. मीटरसुद्धा काढून नेलेले. मोबाइलच्या उजेडात त्यानं कुलूप काढलं, आत गेला, आणि त्याच्या मागे दार आपोआप लागलं. लॅचचं दार होतं, त्यात नवल काही नाही. खोलीत काकांची वेताची खुर्ची आणि एक स्टूल, बाकी काही नाही. स्टुलावर चढून त्यानं माळ्यावरच्या पुस्तकांतून ते पट्टीचं पुस्तक काढलं. पट्टीवरून बोट फिरवलं. शाबूत. त्याला आनंद झाला, आणि पुस्तकाला डाग पडू नये म्हणून त्यानं हात शर्टाला पुसले.

मग लॅच फिरवायला गेला. लॅच फिरेना.

जोर लावला. खांद्यानं धक्के दिले. खिडक्यांना गज. हाका मारल्या, पण ऐकणार कोण? तेव्हा त्यानं मला फोन लावला. बारा वाजून दहा मिनिटं, माझ्या मोबाइलवर वेळ होती. मी उचलला. हॅलो, हॅलो करतोय... हेमंतचा आवाज नाही. कुणीतरी खोकत होतं. म्हातारं खोकणं. मग फोन कटला.

त्याला मात्र मी ऐकूच आलो नाही, असं तो सांगतो. त्याला ऐकू आली ती खुर्ची. कुणी बसल्यावर वेत कुरकुरतो ना, तशी.

त्यानं उजेड फिरवला. खुर्ची रिकामी. पण आधी ती भिंतीकडे तोंड करून होती. आता स्टुलाकडे.

"काका..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

पुस्तक परत माळ्यावर ठेवलं. लॅच फिरेना. खुर्चीवर ठेवलं, हात जोडले. फिरेना. बॅटरी नऊ टक्के. मग त्याला समजलं. पोरांनो, खरं सांगतो, समजल्यावरही त्यानं पाच मिनिटं काढली. पट्टी फोडवेना! हावच ती.

सात टक्के.

स्टुलावर बसला. अंगठ्याचं नख पट्टीखाली घातलं. टर्र...

वाचायला लागला. मोठ्यानं. चौदा पानं होती. जरा भरभर वाचलं की खुर्ची कुरकुरायची. मग सावकाश. एक ओळ सुटली. खुर्चीतून खोकला आला... तो मागच्या ओळीवर गेला. ओळ पुन्हा वाचली.

तीन टक्के. दोन.

खुन्याचं नाव आलं. त्यानं वाचलं. शेवटच्या चार ओळी उरल्या होत्या, त्याही वाचल्या.

उजेड गेला.

काळोख... आणि अगदी समोर, हातभर अंतरावर, एक लांब श्वास सुटला.

मग दाराचा लॅच आपोआप खटकन फिरला.

पुस्तक छातीशी धरून तो हेंद्रेपाड्याला आपल्या घरापर्यंत पळत आला. सकाळी साडेदहाला त्यानं मला घरी बोलावलं. तिकडे मांजर्लीत तोवर बिल्डिंगची पुढची भिंत पाडून झाली होती. हेमंत म्हणाला, सुटलो रे बाबा, काका मोकळे झाले. आणि त्यानं पुस्तक माझ्या हातात दिलं. मी सहज शेवटचं पान उलटलं.

मागच्या कोऱ्या पानावर निळ्या बॉलपेननं लिहिलं होतं. न बघता लिहिल्यावर होतं तसं, एक ओळ दुसरीवर चढलेली. पण वाचता येत होतं.

"खुनी कळला. आता दुसरं पुस्तक वाच."