विशाखापट्टणमला भेटलेला पिंगळीचा माणूस

विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर आई शहाळेवाल्याशी मराठीत बोलत होती. "बाबा, मलई पातळ पाहिजे, पातळ." तो तेलुगूत उत्तर देत होता. मी मध्ये माझी तोडकी हिंदी घेऊन उभी.

मागून कुणीतरी त्याला तेलुगूत समजावलं. मग आमच्याकडं वळून विचारलं, "परभणीकडच्या का तुमी?"

"गंगाखेडच्या. ही माझी पंकजा, मेडिकलात कामाला हाय," आई म्हणाली. "तुमी?"

"पिंगळीचा. योगीराज. इथं बंदरात क्रेन चालवतो."

आईनं कधी समुद्र पाहिला नव्हता, म्हणून मी सुटी काढून तिला आणलं होतं. योगीराजलाही सुटी होती. तो आमच्याबरोबर निघाला.

किनाऱ्यावर लोकांना बघायला ठेवलेल्या जुन्या पाणबुडीचं अरुंद दार पाहून आई म्हणाली, "मी न्हाई आत जायची."

"तुमी बघून या. मी मावशीजवळ थांबतो," तो म्हणाला.

मी बाहेर येईपर्यंत आईनं त्याला घरचं सगळं सांगून टाकलं होतं. वालूरचे पाहुणे मला बघायला येणार, तेसुद्धा.

कैलासगिरी टेकडीवर जाणाऱ्या रोपवेत आई डोळे गच्च मिटून बसली. खाली निळा समुद्र. वाऱ्यानं माझी ओढणी त्याच्या हातावर जायची, मी ओढून घ्यायची... एकदा नाही घेतली.

"रविवारी पाहुणे येणारेत म्हणं," तो हळू म्हणाला.

"हो."

"मुलगा बघितलाय?"

"फोटो बघितला."

"कसा हाय?"

"फोटोसारखा."

तो हसला. वर पोचल्यावर आई बाकावर टेकली आणि आम्ही कठड्यापाशी गेलो.

"इतक्या लवकर बोलू नये," तो म्हणाला, "पण उद्या तुमी जायलाय... पाहुण्यांना नको म्हणाल?"

मला हो म्हणायचं होतं. "बाबा गेल्यापासून आमी दोघीच हाव," मी म्हणाले. "आईला सोडून एवढ्या लांब — कसं जमंल?"

त्यानं बाकावरच्या आईकडं पाहिलं. "ते मावशीलाच विचारावं लागंल. त्यांच्याशी बोलायला मी घरी येऊ शकतो."

"मग रविवारीच या."

परतीच्या गाडीत मी आईला सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "डोळे मिटले होते, कान न्हाई." आणि वालूरला फोन लावून तिनं पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवलं.

रविवारी योगीराज आला, वडिलांना घेऊन. आईनं आधी सगळ्यांना चहा दिला. मग सरळ म्हणाली, "पोरीला समुद्रापाशी नेणार. माझं काय?"

"तुमी बी चला, मावशी."

"आन् शेत कोण बघंल? सोयाबीन निघालं की महिनाभर येत जाईन. चालंल का?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. तो तोंड उघडायच्या आत मीच बोलून गेले, "चालंल."