पाचच्या पुढचं शून्य

ही गोष्ट खरी आहे. आणि रात्रीची नाही, दुपारची आहे.

हे आधीच सांगून टाकते, कारण या भुताखेतांच्या पानावरच्या बहुतेक गोष्टी रात्री बारानंतर सुरू होतात. मीही त्या वाचते. ड्युटी संपल्यावर बसमध्ये वाचत बसते आणि दोनदा तर माझ्या स्टॉपच्या पुढे गेले. पण माझ्या बाबतीत जे घडलं... जे अजून घडतंय... ते बुधवारी दुपारी. खिडक्या उघड्या, ट्यूबलाइट चालू, बाहेर लिफ्टचा खडखडाट.

मी एका मोठ्या हॉस्पिटलात नर्सेसना शिकवते. कॉलेजच्या मुलींना नाही, नोकरीत असलेल्या सिस्टरांना. नवीन मशीन आलं, नवीन नियम आला, की बुधवारी अडीच वाजता वर्ग. एकोणीस वर्षं हेच करतेय. दुसऱ्या मजल्यावर, पूर्वी चादरी ठेवायचे त्या खोलीत. बारा प्लास्टिकच्या खुर्च्या, एक फळा, एक टेबल.

मोठ्या माणसांना शिकवणं हा निराळाच ताप आहे. बिचाऱ्या सकाळपाळी संपवून येतात. पोटात कावळे ओरडत असतात, पाय सुजलेले, एक डोळा घड्याळावर. त्यात प्रत्येकीला वाटतं, ही बया मला काय शिकवणार! उद्या वॉर्डात उपयोगी पडेल तेवढंच त्या डोक्यात घेतात, बाकीचं खुर्चीवर सोडून जातात.

आणि नवीन शिकवणं सोपं असतं. अवघड असतं ते जुनं सोडायला लावणं. डोकं विसरतं हो... हात विसरत नाहीत.

आमच्याकडे एक सिस्टर होत्या. तीस वर्षं नोकरी. सगळे त्यांना थेंबताई म्हणायचे. पूर्वी सलाईनचे थेंब घड्याळ लावून मोजावे लागत, तेव्हा या नुसत्या बघून सांगायच्या. "चाळीस चाललेत, तीस कर." मोजून बघावं तर चाळीसच. डॉक्टरसुद्धा त्यांच्यापुढे जरा दबकून असायचे.

मग नवीन सिरिंज पंप आले. औषधाची सिरिंज हळूहळू दाबणारं मशीन असतं ते. किती वेगाने दाबायचं तो आकडा आपण द्यायचा.

जुन्या पंपावर पाच हवे असतील तर पाच दाबायचं, मग शून्य. दशांशाचं टिंब आपोआप मध्ये पडायचं.

नवीन पंपावर फक्त पाच दाबायचं. शून्य दाबलं, की ते पन्नास.

एवढाच फरक. तेवढ्यासाठीच मी वर्ग ठेवला होता.

थेंबताई आल्या, दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीत बसल्या. दहा मिनिटं झाली असतील. वॉर्डातून फोन आला, पेशंट जास्त आहेत, त्यांना परत पाठवा. त्या उठल्या आणि माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या.

मी म्हटलं, "ताई, सही करा आणि जा. तुम्हाला काय शिकवायचं!"

त्या हसल्या. सही केली. गेल्या.

वर्गाच्या शेवटी दहा प्रश्नांचा पेपर असतो. त्यांच्या मैत्रिणीने तोही लिहून टाकला. दहापैकी दहा. मला दिसलं. मी काही बोलले नाही. आमच्याकडे हे असंच चालतं, आणि मला वाटतं सगळीकडेच चालत असेल.

तीन आठवड्यांनी थेंबताईंच्या वॉर्डात एक माणूस गेला. दोन मुलींचा बाप होता. रक्तदाबाचं औषध पाचच्या वेगाने द्यायचं होतं.

पंपावर पन्नास होतं.

चौकशी बसली. मला बोलावलं. एकच प्रश्न. "यांना नवीन पंप शिकवला होता का?"

मी रजिस्टर पुढे केलं. सही होती. पेपर होता. दहापैकी दहा.

"हो," मी म्हटलं.

थेंबताई समोरच बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी फक्त मान डोलावली.

त्यांना कामावरून काढून घरी बसवलं. दीड महिन्यात त्या घरीच वारल्या. झोपेत. डॉक्टर म्हणाले, हार्ट. मला तेव्हापासून भात घशाखाली उतरत नाही, हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

त्यानंतरचा पहिला बुधवार.

वर्ग संपला होता. सगळ्या गेल्या होत्या. मी पाठमोरी उभी राहून फळा पुसत होते. मागे टेबलावर शिकवायचा पंप होता.

आणि...

टीं.

बटण दाबल्यावर पंप वाजतो तसा आवाज. मी थांबले.

...टीं.

वळून पाहिलं. खोलीत कोणी नव्हतं. पंपाची आकड्यांची पट्टी उजळली होती. त्यावर पन्नास.

वाटलं, आपलंच काहीतरी राहिलं असेल. बंद केला आणि घरी गेले.

पुढच्या बुधवारी पुन्हा. वर्ग संपल्यावर, खोली रिकामी झाल्यावर.

टीं... टीं.

पन्नास.

कंपनीचा माणूस आला, पंप उघडून पाहिला, म्हणाला, "मॅडम, काहीच दोष नाही." मी हट्टाने दुसरा पंप मागवला. दुसऱ्यावरही तेच.

मग एकदा मी मुद्दाम बसून राहिले. फळ्याकडे पाठ करून, पंपाकडे तोंड करून. बोलायचं काय ते सुचेना, म्हणून जे तोंडाला सवयीचं आहे तेच बोलले.

"फक्त पाच दाबायचं. शून्य नाही. समजलं?"

शेवटच्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे. बसलेल्याने नुसती मान हलवली तरी ती वाजते.

टक...

खुर्ची रिकामी होती.

तुम्ही म्हणाल, पळून का नाही गेलात? खरं सांगू? मला भीतीपेक्षा रडू आलं. त्या मला घाबरवायला आल्याच नव्हत्या. त्या राहिलेला वर्ग पुरा करायला आल्या होत्या.

मग मी शिकवलं. मनापासून शिकवलं. आधी करून दाखवलं. मग कारण सांगितलं, कारण मोठ्या माणसाला कारण कळल्याशिवाय गोष्ट पटत नाही. जुना पंप भंगारातून शोधून आणला, दोन्ही शेजारी ठेवले. शून्याच्या बटणावर लाल चिकटपट्टी लावली. दर बुधवारी, चार महिने. वर्ग सुटला की मी दार लोटून घ्यायचे आणि त्या रिकाम्या खुर्चीला शिकवायचे.

"समजलं, ताई?"

टक.

"मग आता तुम्ही करून दाखवा."

टीं...

मी श्वास धरून बसायचे. एकच. एकच वाजू दे, देवा.

...टीं.

दर वेळी.

एकदा मी माझं बोट पाचच्या बटणावर ठेवलं. म्हटलं, हाताला हात धरून शिकवू. बोट नुसतं टेकवलं होतं, दाबलं नव्हतं.

बटण खाली गेलं.

माझ्या बोटावर आणखी एक बोट होतं. गार नव्हतं. साधं, कामाने खरखरीत झालेलं बोट. मग ते माझं बोट हळूच सरकवत शून्याकडे घेऊन गेलं. मी जोर लावला. काही उपयोग झाला नाही.

त्या दिवशी मला कळलं, हे होणार नाही. मोठं माणूस उद्यासाठी शिकतं. उद्या वॉर्डात लागणार म्हणून शिकतं. थेंबताईंना आता उद्या नव्हता. माझ्या एकोणीस वर्षांच्या विद्येत याच्यावर काही उपाय नाही.

आणि ते मान डोलावणं... लहान मुलाला समजलं नाही तर ते तोंडावर 'नाही' म्हणतं. आपण मोठी माणसं मान डोलावतो. लाज वाटते ना. असल्या शेकडो माना मी पाहिल्यात. त्या मानेचा अर्थ मला पाठ आहे.

मी मेट्रन मॅडमकडे गेले. सगळं नाही, निम्मं सांगितलं. म्हटलं, "ते रजिस्टर खोटं होतं. मी त्यांना शिकवलंच नव्हतं."

त्यांनी चष्मा काढला. "ती फाईल बंद झाली. आता उघडून कोणाचं भलं होणार आहे? तुमची नोकरी मात्र जाईल. घरी जा, विश्रांती घ्या."

मी घरी गेले. हो, गेले. काय करणार होते?

पण एक माणूस राहिलं होतं. थेंबताईंची मुलगी. आमच्याच हॉस्पिटलात लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर आहे. अगदी आईवर गेलेली, हसतानाही तशीच. आई गेल्यापासून मात्र तिला हसताना कोणी पाहिलं नव्हतं.

गेल्या महिन्यात तिच्या वॉर्डाची पाळी आली. पंपाचाच वर्ग. वर्ग सुटल्यावर ती मागे थांबली.

"मॅडम, एक विचारू? तुम्ही आईला हे शिकवलं होतं ना?"

मी हातातला खडू खाली ठेवला.

"लोक म्हणतात, दहापैकी दहा होते तिला. मग येत असून चुकली कशी? लक्ष नव्हतं का तिचं? मी रोज तिच्या फोटोला विचारते. शेवटचे दीड महिने मी तिच्याशी नीट बोललेही नाही, मॅडम. मला राग होता तिचा."

मला वाटलं, जमीन दुभंगावी. पण मी सांगितलं. सगळं सांगितलं. फोन, सही, मैत्रिणीने लिहिलेला पेपर, चौकशीतलं माझं 'हो'.

ती ओरडेल वाटलं होतं. कानाखाली मारली असती तरी मी उभी राहिले असते.

ती अगदी हळू म्हणाली, "म्हणजे तिला कोणी शिकवलंच नव्हतं?"

"नाही, बाळा."

आणि टेबलावर...

टीं.

...टीं.

तिने पंपाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावरूनच तिला कळलं असावं, की हे मला नवीन नाही.

"आई?"

टक.

तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. तीच गोष्ट मला आजही झोपू देत नाही. ती पुढे गेली, पंप उचलला, शेवटच्या खुर्चीसमोर जमिनीवर मांडी घालून बसली आणि पंप खुर्चीवर, रिकाम्या जागेच्या कडेला, टेकवून धरला.

"हे बघ आई, फक्त पाच. शून्य नाही दाबायचं. मी शिकवते तुला."

तेव्हापासून ती येते. आधी बुधवारी यायची, आता रोज. सकाळपाळी संपली की माझ्याकडे किल्ली मागते. जेवत नाही. वॉर्डातल्या सिस्टर म्हणतात, औषधं देताना हिचं लक्ष नसतं, काहीतरी पुटपुटत असते. मी किल्ली दिली नाही तर दारापाशी बसून राहते.

मी तिला म्हटलं, "अगं, हे होणार नाही. मी चार महिने करून पाहिलं."

"तुम्ही एकदाही नीट शिकवलं नव्हतं, मॅडम," ती म्हणाली. मी किल्ली दिली. बोलायचा हक्क मी कधीच घालवून बसले.

काल मी बाहेर व्हरांड्यात उभी होते. दार लोटलेलं. आतून तिचा आवाज येत होता, थकलेला, पण किती गोड. आपण लेकराला घास भरवताना बोलतो तसा.

टीं... टीं.

"असू दे. पुन्हा एकदा. फक्त पाच, आई. समजलं?"

मी डोळे मिटून घेतले.

टक.

आणि ती हसली. किती महिन्यांनी हसली! दार उघडून धावत माझ्याकडे आली, माझे दोन्ही हात धरले.

"मॅडम, आज तिला समजलं! तिने मान डोलावली!"