कापलेला फोटो

"तलाव बंद!" पोहायची पिशवी आपटत दादा म्हणाला. "सरांना कामावरून काढताहेत. दारू पिऊन काठावर पडले होते म्हणे."

टिटवीला तो फोटो आठवला. आडवे पडलेले सर आणि खाली 'सर झिंगले, पोरं बुडाली' असा तो फोटो काल काकांनी घरच्या ग्रुपवर टाकला होता. तिनेच तो आईच्या फोनवरून पोहण्याच्या क्लासच्या ग्रुपवर ढकलला होता. वर हसरे चेहरेही.

दादाने फोटो मोठा करून पाहिला. "हा कडेचा गुडघा माझा आहे! सर बुडालेला माणूस झाले होते आणि मी त्यांची छाती दाबायला शिकत होतो. तू त्या दिवशी तापाने घरी होतीस. मला कुणीतरी कापलंय."

"तुला न्यायला कोण आलं होतं?"

"बाबा," दादा हळूच म्हणाला. दादाचे बाबा म्हणजे टिटवीचे काका.

काकांनी हात झटकले. "मलाही तो कुणाकडून तरी आला."

मग टिटवीने लाडीगोडी लावली. "काका, दादा छाती दाबतोय असा एखादा फोटो आहे का हो? आत्याला दाखवायचाय."

काका फुलले. अख्खा फोटो लगेच हजर झाला!

आत्या वकील. तिने दोन्ही फोटो शेजारी-शेजारी ठेवले आणि काकांकडे बघितलं. "गंमत वाटली तुला? ही बदनामी आहे. सर कोर्टात जाऊ शकतात. आणि पुढे पाठवणाराही 'मी लिहिलं नाही' म्हणून सुटत नाही. क्लासच्या ग्रुपवर कुणी टाकला?"

फोन आईचा होता. टिटवी गप्प बसली असती, तर आईलाच जाब द्यावा लागला असता.

"मी," ती म्हणाली.

तलावावर काकांनी मान खाली घालून माफी मागितली. खरा फोटो ग्रुपवर गेला. "पोरांनो, बरोबर छडा लावलात, शाबास. सर कामावर राहतील," व्यवस्थापक म्हणाले. टिटवीला ती शाबासकी टोचली. ती सरांसमोर जाऊन उभी राहिली.

"सर, ग्रुपवर तो मी टाकला होता. हसत."

सरांनी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली. "माझ्या आईपर्यंतही पोचला तो. तिने मला विचारलं, खरं का रे?"

टिटवीला वर बघवेना. "मी सांगू त्यांना? घरी येऊन?"

"ये."

"हे मात्र शहाण्यासारखं बोललीस," सोबत आलेली आत्या म्हणाली. "मी सोडते. बोलायचं तूच."

सरांच्या आईंनी दार अर्धवट उघडलं. टिटवी एक पाऊल पुढे सरकली.

"तो फोटो खोटा होता," ती म्हणाली. "मी विचार न करता पाठवला. सर तसे नाहीत."

आईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. मग दार पूर्ण उघडलं.