सात टी-शर्ट आणि एक पीस

सोमवारी सकाळी सात वाजता पाचवी 'ब'च्या परिंड्यात पाणी नव्हतं.

अबोलीने बाकावर चढून आत बोट फिरवलं. तळाचा गाळ सुकून त्याला भेगा पडल्या होत्या.

"काल संध्याकाळी तर काठोकाठ भरलेला होता," ती म्हणाली. "फोटो आहे ना ग्रुपवर. हो ना रे सोहम?"

"हं," सोहम म्हणाला.

परिंडा म्हणजे पक्ष्यांच्या पाण्यासाठी दोऱ्यांनी टांगायचं मातीचं पसरट भांडं. बनी पार्कातल्या या शाळेत उन्हाळ्याआधी शेखावत मॅडमनी मुलांकडून तो वर्गाच्या खिडकीजवळच्या कडुनिंबाला बांधून घेतला होता. कोण पाणी प्यायला येतं ते मुलं रोज फळ्यावर लिहायची. मग कबुतरासारख्या दिसणाऱ्या होल्याच्या जोडीने खिडकीच्या वर घरटं बांधलं, आणि गणिताच्या तासालाही सगळ्यांच्या माना तिकडेच. होले पिल्लांना गळ्यातल्या पिशवीत तयार होणारं दूध पाजतात आणि त्यासाठी त्यांना भरपूर पाणी लागतं, हे मॅडमनी तेव्हाच शिकवलं होतं. म्हणून सुट्टीत एकेका मुलाची एकेक आठवडा पाळी. रोज पाणी भरायचं, रोज ग्रुपवर फोटो टाकायचा. गेला आठवडा सोहमचा होता. आजपासून अबोलीचा; पाळी सोपवायला सोहमही आला होता.

वेदांतची पाळी नव्हतीच. तो त्यांच्याच बिल्डिंगमधला, घरी कंटाळला म्हणून आला होता.

"होले कुठायत?" त्याने वर पाहिलं. घरट्यातून दोन चोची दिसत होत्या. मोठा पक्षी एकही नव्हता.

"कुणीतरी पाणी ओतून दिलंय," अबोली म्हणाली.

"गार्ड भैया, दुसरं कोण? खाली चिखल होतो म्हणून ओरडत असतात."

"मग विचारूया."

"राहू दे ना," सोहम म्हणाला. "वाऱ्याने सांडलं असेल."

"वारा सुटला तर आधी तू उडशील," वेदांत म्हणाला.

गार्ड भैरूजी फाटकाशी चहा पीत होते. अबोलीने सरळ विचारलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"मैं क्यों गिराऊँगा, बेटा? मैंने तो छुआ भी नहीं."

"पण कल तो पानी था, भैयाजी. फोटो है."

भैरूजींनी सोहमकडे पाहिलं. सोहम बुटाची लेस बांधायला खाली वाकला. लेस सुटलेली नव्हती.

"मॅडमना कळवते मी," अबोली म्हणाली. आईचा जुना फोन काढून ती कालचा फोटो शोधू लागली. त्याखालीच मॅडमचा रात्रीचा मेसेज होता: 'सोहम ने पूरे हफ्ते ज़िम्मेदारी निभाई. शाबाश!' आणि खाली टाळ्याच टाळ्या.

तिने फोटो मोठा केला. मग आदल्या दिवसाचा. मग त्याच्या आदल्या दिवसाचा. प्रत्येकात परिंड्याशेजारी सोहम, वेगळ्या टी-शर्टमध्ये.

"वेदांत, हे पीस बघ. पाण्यावर, डाव्या काठाला."

"हां. इथेपण आहे. इथेपण." वेदांतचा आवाज हळू झाला. "सात टी-शर्ट, मतलब सात दिवस. आणि पीस जागचं हललंच नाही?"

दोघांनी सोहमकडे पाहिलं.

"बाबा म्हणाले, रोज उन्हात कशाला जायचं," सोहम म्हणाला. "गाडीत टी-शर्ट घेऊन आलो होतो. सगळे फोटो एकाच दिवशी काढले."

"आणि पाणी?"

"त्या दिवशी भरलं होतं."

"आम्ही भैयाजींवर आळ घेतला," अबोली म्हणाली, "आणि तू लेस बांधत होतास."

सोहमचे कान तापले. तो एकटाच फाटकापर्यंत गेला. "सॉरी, भैयाजी. पानी मैंने ही नहीं भरा था." भैरूजींनी मान हलवली आणि नळाची बादली त्याच्याकडे सरकवली. एवढंच.

पाणी ओतण्याआधी सोहमने अबोलीकडून फोन घेतला आणि भेगाळलेल्या गाळाचा फोटो काढला.

घरी बाबांनी, म्हणजे सतीशरावांनी, सगळं ऐकून घेतलं. "भरलंत ना आता? मग झालं. भरलेल्याचा एक छान फोटो टाकू, विषय संपला. कुणाला कळतंय?"

"होल्यांना कळलं," सोहम म्हणाला.

अबोलीने पाठवलेला गाळाचा फोटो बाबांच्याच फोनवर आला होता. सोहमने तो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं की आठवडाभराचे फोटो एकाच दिवशी काढले होते, परिंडा कोरडा होता, शाबासकी परत घ्यावी.

"अरे, हे माझ्या नावाने गेलं!"

"फोटोपण तुमच्याच नावाने गेले होते, बाबा."

सतीशरावांनी फोन हातात घेतला. मेसेज पुसायला त्यांचा अंगठा टेकला, थांबला. त्यांनी फोन टेबलावर ठेवून दिला.

रात्रीपर्यंत मॅडमनी मेसेज वाचल्याची खूण दिसत होती. उत्तर नव्हतं.

मंगळवारी सकाळी अबोलीच्या आधी सोहम बाकावर चढला होता. मागे बादली धरून सतीशराव उभे होते. परिंड्यातलं पाणी बोटभर उतरलं होतं. कोण पिऊन गेलं ते कुणी पाहिलं नव्हतं. घरट्यात एक चोच हलली. दुसरी अजून दिसलेली नाही.